टेल गार्ड, सहा महिने वापरून: शेपूट वाचलं, दादाशी वाद मात्र चालूच

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा वेल्क्रोने घालवला आणि एक अख्खा पाकिटावर छापलेल्या एका वाक्याने, त्या वाक्याबद्दल खाली सविस्तर भांडणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेल गार्ड म्हणजे कुत्र्याच्या शेपटीला घालायचं कव्हर. जाळीदार कापडाची लांब नळी, टोकाला आतून मऊ फोमची टोपी, शेपटीच्या बुडाशी दोन वेल्क्रोचे पट्टे आणि तिथून एक लांब पट्टा पाठीवरून पुढे येऊन पोटाखालून बांधायचा, म्हणजे सगळं प्रकरण मागे घसरून पडत नाही. घातल्यावर कुत्रं असं काही बघतं तुमच्याकडे की आपणच चोर.

आमची झिपरी स्प्रिंगर स्पॅनियल, तीन वर्षांची, हरवलेली माणसं वासावरून शोधणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांच्या टीममध्ये काम करते. शेपूट अख्खं, लांब, टोकाला पांढरा गोंडा. माझा मोठा भाऊ पण याच टीममध्ये, त्याचा कुत्रा पण स्पॅनियल, नाव बंड्या आणि नावाला साजेसा बांडा, म्हणजे तिसऱ्या की चौथ्या दिवशीच शेपूट छाटलेला. तर झिपरी आली त्या दिवसापासून दादाचं एकच, "शेपूट ठेवलंस, आता भोग." मी म्हणायचे अरे कुत्र्याला शेपूट असतंच, त्यात ठेवायचं काय. हे जवळपास दीड वर्ष चाललं.

आणि मग ते झालंच. गंमत म्हणजे जंगलात नाही, काट्यात नाही, घरात. मी चार दिवस बाहेर होते, परत आले तर बाईसाहेबांनी पॅसेजमध्ये इतकं शेपूट हलवलं दोन्ही भिंतींवर धाड धाड की टोक फुटलं. मला आधी कळलंच नाही, भिंतीवर लाल ठिपक्यांची रांग दिसली, मग फ्रीजवर, मग माझ्या कपड्यांवर, दुसऱ्या दिवशी छताला पण दोन सापडले. कुत्री मजेत, घर खाटकाचं दुकान. याला चक्क हॅपी टेल म्हणतात, नाव ठेवणाऱ्याने बहुतेक ती भिंत पुसलेली नसावी.

डॉक्टरांनी समजावलं ते फार पटलं. शेपटीच्या टोकाला मांस जवळजवळ नसतंच, बारीक बारीक मणके, त्यावर ताणलेली पातळ कातडी, आणि जखम भरत आली की कुत्रं पुन्हा आनंदाने तेच टोक आपटून उघडं करतं. बँडेज बांधलं तर दोन मिनिटांत भिरकावून देतं. घट्ट बांधलं तर त्याहून वाईट, रक्तपुरवठाच बंद होऊन टोक काळं पडू शकतं, म्हणजे वाचवायला गेलो आणि आपणच कापायची वेळ आणली. शेवटचा उपाय म्हणजे भूल देऊन वरून शेपूट कापणं, मोठ्या कुत्र्याला ते साधं नसतं, टाके, गळ्यात तो प्लास्टिकचा कोन, आणि कापलेलं टोक पुन्हा आपटून फुटायची भीती असतेच. तर आधी गार्ड वापरून बघा म्हणाले. मी त्याच रात्री ऑर्डर केला.

आता वस्तूबद्दल. साइझचा तक्ता नीट वाचा, मी नाही वाचला. शेपटीचा घेर बुडाशी मोजायचा असतो आणि केस दाबून, मी फुललेल्या गोंड्यावरून टेप फिरवली, स्पॅनियलवाल्यांना समजेल, त्यामुळे पहिला गार्ड म्हणजे पायजम्यात काठी. झिपरीने एकदा शेपूट फिरवलं आणि तो सोफ्यामागे. दुसरा बरोबर बसला. पट्ट्याखाली एक बोट आरामात जायला हवं, हा डॉक्टरांचा नियम आणि पाकिटावर पण आहे, तेवढं एक ते बरोबर लिहितात.

पहिले दोन दिवस ती पुतळ्यासारखी उभी राहिली, मग मागे वळून चावायचा प्रयत्न, मग विसरली. जाळीमुळे हवा लागते, जखम ओली राहत नाही, आत मलमाचं हलकं ड्रेसिंग ठेवून वरून गार्ड असं चालवलं आणि साधारण पाच आठवड्यांत टोक भरलं, पूर्ण, केस पण परत आले. फोमची टोपी खरंच काम करते, भिंतीवर आपटल्याचा आवाज धाडवरून भप्पवर आला. त्याबद्दल पूर्ण मार्क. कात्रीचा चेहरा बघावा लागला नाही हो, अजून काय पाहिजे.

वेल्क्रोबद्दल मात्र बोलायलाच हवं. लांब केसांच्या कुत्र्याच्या शेपटीवर वेल्क्रो लावायची कल्पना ज्याला सुचली त्याने कधी स्पॅनियल जवळून बघितलेला नाही. रोज काढताना केस उपटले जातात, महिन्याभरात हुकांमध्ये इतके केस अडकतात की पट्टा धरतच नाही, मग जुन्या कंगव्याने विंचरत बसा. बुडाजवळचा पट्टा शी करताना खराब होतो, त्याला इलाज नाही, रोज धुवा. ओला झाला की वास येतो आणि वाळायला वेळ लागतो. पट्टा थोडा रुंद करून बकल दिलं असतं तर अर्धा स्टार वाचला असता.

आता ते वाक्य. पाकिटावर एक स्पॅनियल काटेरी झुडपातून उडी मारतोय आणि खाली लिहिलंय, कामाच्या कुत्र्यांचं शेपूट कापायची आता गरज नाही. मी डॉकिंगच्या, म्हणजे पिल्लाचं शेपूट छाटण्याच्या, बाजूची नाही हे वरून कळलंच असेल, तरी सांगते, हे साफ खोटं आहे. जखम भरल्यावर मी हौसेने गार्ड घालूनच झिपरीला ट्रेनिंगला नेलं, दाट झुडपं, खाली काटेरी वेली. वीस मिनिटांत जाळी तीन ठिकाणी फाटली, एका फांदीत पट्टा अडकून ती मागे खेचली गेली आणि केकाटली. दादा धावत गेला, पट्टा सोडवला आणि माझ्याकडे बघून काहीही बोलला नाही, जे त्याच्या बाबतीत बोलण्यापेक्षा वाईट असतं. दाट झाडीत काम करणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर लोंबणारी कुठलीही गोष्ट धोक्याची, हे मला आधी सुचायला हवं होतं, पाकिटावर विश्वास ठेवला. हा गार्ड घरातल्या, गाडीतल्या, केनेलमधल्या (कुत्र्याच्या खोलीतल्या) शेपटीसाठी आहे, झुडपातल्या नाही. तसं सरळ छापा ना.

घरी आल्यावर व्हायचं ते भांडण झालंच. दादाने मोबाईल काढला, मी पण काढला. माझा आकडा आधी. ब्रिटनमध्ये ५२ दवाखान्यांत आलेल्या १,३८,२१२ कुत्र्यांचा अभ्यास, २०१० मध्ये छापून आलेला. त्यात शेपटीच्या जखमा किती, तर २८१. धोका त्यांनी काढलेल्या हिशेबाने ०.२३ टक्के. हिशेब असा की एक जखम टाळायला साधारण ५०० कुत्र्यांची शेपटं कापावी लागतील. मी विजयी मुद्रेने बघितलं. दादा म्हणाला, "माझा ऐक." स्कॉटलंडमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला सर्व्हे, २,८६० कुत्री, २०१०-११ चा एक शिकारीचा सीझन, २०१४ मध्ये छापून आलेला. एकूण १३.५ टक्के कुत्र्यांना निदान एक जखम, पण शेपूट न कापलेल्या स्पॅनियलमध्ये ५६.६ टक्के. अर्ध्याहून जास्त! आणि त्यांच्या हिशेबाने स्पॅनियल आणि पॉइंटरसारख्या जातींत एका सीझनची एक जखम टाळायला २ ते १८ कुत्र्यांचं शेपूट कापावं लागेल. ५०० कुठे आणि २ कुठे. मी गप्प.

पण मला ते झोपू देईना, रात्री बसून दोन्ही नीट वाचले. आणि मग लक्षात आलं की दोघंही खरं बोलत होतो आणि दोघंही वेगळीच कुत्री मोजत होतो. माझ्या आकड्यात सोफ्यावर लोळणारी सगळी कुत्री आहेत, जी आयुष्यात झुडपात गेली नाहीत, आणि फक्त दवाखान्यापर्यंत आलेल्या जखमा. त्याच्या आकड्यात फक्त कामाची कुत्री, पण जखम म्हणजे मालक सांगेल ती, ओरखडा धरून, आणि असल्या सर्व्हेत ज्याचा कुत्रा जखमी झालाय तो जरा उत्साहानेच फॉर्म भरतो हे आपण सगळे जाणतो. सगळ्यात भारी म्हणजे दादाचा सर्व्हे करणाऱ्या ग्लासगो विद्यापीठाचाच त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास, या वेळी दवाखान्यांच्या नोंदींवरून. त्यात प्रश्न बदलला, डॉक्टरांकडे न्यावी लागेल अशी एक जखम टाळायची असेल तर किती? कामाच्या जातींची सुमारे २३२ पिल्लं. आणि मोठेपणी शेपूट कापावं लागणं टाळायचं असेल तर, नुसते स्पॅनियल धरून, ३२०. म्हणजे २ पण खरं, २३२ पण खरं, ५०० पण खरं, तुम्ही विचारताय काय त्यावर सगळं. सकाळी दादाला हे पाठवलं, त्याचं उत्तर आलं, "बरं." आमच्याकडे याला तह म्हणतात.

शिवाय त्या ५२ दवाखान्यांच्या मोठ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी या गार्डच्या रिव्ह्यूत यायलाच हवी. सुमारे ३६ टक्के जखमा घरातल्या होत्या, म्हणजे भिंतीवर नाहीतर सामानावर आपटून, आणि १४ टक्क्यांच्या आसपास दारात सापडून. केनेलमध्ये ठेवलेल्या आणि शेपूट खूप रुंद फिरवणाऱ्या कुत्र्यांना धोका जास्त. म्हणजे झिपरी. या जखमांना कात्री हा उत्तर म्हणून मला हास्यास्पद वाटतो, इथे गार्ड चालतो, रुंद जागा चालते, दाराला स्टॉपर चालतो. पॅसेजमधला बुटांचा रॅक मी हलवला त्यानेच अर्धं काम झालं, खरं तर गार्डच्याही आधी तेच करायला हवं होतं.

दादाचा मुद्दा मी आता पूर्वीसारखा उडवून लावत नाही. बंड्या पाच वर्षं काट्यात घुसतोय, शेपटीला एक ओरखडा नाही. पण मला खटकतं ते वेळेचं गणित. कापायचं ते पहिल्या पाच दिवसांत, डोळे पण उघडलेले नसतात तेव्हा, आणि तेव्हा कोणाला माहीत असतं की आठ पिल्लांपैकी कोणतं काम करणार आणि कोणतं सोफा गरम करणार? इंग्लंडमध्ये २००७ पासून बंदी आहे, पण कामाच्या कुत्र्यांना सूट, पिल्लू पाच दिवसांपेक्षा मोठं नको, व्हेटनेच कापायचं, आणि पिल्लू कामाला जाणार असल्याचा पुरावा दाखवायचा. पुरावा असतो तो मालकाच्या कामाचा, पिल्लाच्या आवडीनिवडीचा कसा असणार. स्कॉटलंडने तर २००७ मध्ये सरसकट बंदी आणली आणि २०१७ मध्ये स्पॅनियल आणि शिकार हेरून उचलून आणणाऱ्या पॉइंटर प्रकारच्या जातींना सूट दिली, पण टोकाकडचा एक तृतीयांशच कापायचा. मला हे त्यातल्या त्यात विचार केलेलं वाटतं, कारण फुटतं ते टोकच, मग बुडापासून छाटायचं कारण काय. बंड्याचं बघा, तीन बोटं उरलंय. ते जखमेच्या भीतीने नाही, फॅशनने कापलंय, हे दादाला तोंडावर सांगितलंय मी. न्यूझीलंडने २०१८ मध्ये कामाचं बिमाचं काही न बघता बंदी घातली, जर्मनीत बंदी पण शिकारी कुत्र्यांना सूट. प्रत्येकाने आपापली रेघ ओढलीय.

आणि जातींचं लॉजिक तर विचारूच नका. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरचं परंपरेने कापतात, इंग्लिश पॉइंटरचं नाही, दोघंही त्याच शेतात त्याच झाडीत तेच काम करतात. लॅब्रॅडॉरचं कोणी कापत नाही, बरं त्याचं जाड असतं मान्य. बॉर्डर कोली लांब शेपूट घेऊन दिवसभर मेंढ्या वळतो, ओल्ड इंग्लिश शीपडॉगचं मात्र कापायचे. काही जातींत तर पिल्लं जन्मतःच बांडी निघतात, ब्रिटनी, पेम्ब्रोक कॉर्गी वगैरे, एका जीनमुळे, त्यांना कात्रीची गरजच नाही. आणि पूर्वीची कारणं बघितली तर हसावं की रडावं, पहिल्या शतकातला कोलुमेला नावाचा रोमन शेतीवाला लिहून गेलाय की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की शेपटीचं टोक दाताने चावून काढा, कुत्रं पिसाळत नाही. दाताने! दादाला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदाच माझ्या बाजूने हसला.

दुखतं का, यावर लोक फार भांडतात. १९९६ च्या एका अभ्यासात ५० पिल्लांचं डॉकिंग होताना नुसतं निरीक्षण केलं, सगळी जोरजोरात केकाटली आणि काही मिनिटांत झोपली. एक बाजू म्हणते बघा केकाटली, दुसरी म्हणते बघा झोपली. मी केकाटली वाली.

माझं खरं कारण वेगळंच आहे आणि ते मला या गार्डनेच समजावलं. मी झिपरीचं शेपूट वाचते. वास हरवला की ते खाली आणि मंद, वास सापडला की आधी टोक थरथरतं, मग लहान लहान वेगाने फिरायला लागतं, तोंडाने भुंकून सांगायच्या बऱ्याच आधी मला कळतं की डावीकडे वळली ते उगाच नाही. गार्ड घातला की त्या वजनाने आणि फोमने शेपटीची भाषा बोबडी होते. हलतंय एवढं कळतं, काय म्हणतंय ते नाही. पाच आठवडे मी जवळजवळ अंदाजावर चालले. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलंय की कुत्रं मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकवून हलवतं आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. कॅनडात तर खोटं रोबो कुत्रं करून त्याला एकदा लांब आणि एकदा आखूड शेपूट लावून खऱ्या कुत्र्यांमध्ये सोडलं, तर लांब शेपूट हलतंय की ताठ आहे यावरून मोठी कुत्री जवळ यायचं की नाही ते ठरवत होती, आखूड असताना त्यांना फरकच कळेना. बंड्याच्या जवळ येताना बाकीची कुत्री एक सेकंद थबकतात हे मी कितीदा बघितलंय, आधी वाटायचं त्याचा स्वभावच खडूस.

दादाचं म्हणणं, बंड्याचं सगळं बूड हलतं, मला तेवढं पुरतं. आणि त्याला पुरतंच, खोटं कशाला बोलू, गेल्या वेळी दोन तास हरवलेले आजोबा बंड्यानेच शोधले, झिपरी ओढ्यापलीकडे वेगळाच वास धरून बसली होती. अख्खं शेपूट घेऊन.

तर घ्यावा का? घरात, केनेलमध्ये आपटून टोक फुटत असेल तर डोळे झाकून घ्या, पण आधी डॉक्टरांना दाखवा, कारण जखम खोल असेल, हाड दिसत असेल किंवा टोक काळं पडत असेल तर कव्हर घालून झाकायची ती गोष्टच नव्हे. शेपूट अचानक बुडापासून लुळं पडलं आणि हलवताना दुखतंय, गार पाण्यात पोहून आल्यावर किंवा फार दमल्यावर, तर ती वेगळी भानगड, तो स्नायूंचा त्रास असतो, त्यात हा गार्ड अजून त्रास देईल. आखूड केसांच्या कुत्र्याला वेल्क्रोचा प्रॉब्लेम येणार नाही, ग्रेहाउंड वगैरे पातळ शेपटीवाल्यांनी तर जरूर बघा. लहान पिल्लाला घालू नका, गिळेल. दिवसातून दोनदा काढून बघा, टोक गार किंवा सुजलेलं नाही ना. आणि झुडपात घालून नेऊ नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. आम्ही आता झुडपातल्या कामाआधी झिपरीच्या गोंड्याचे केस टोकाकडून कापून घेतो, वेलीत अडकणं खूप कमी झालंय, केसच कापतोय, शेपूट नाही. परत आल्यावर टोक बोटांनी चाचपून बघायचं, आतापर्यंत दोन ओरखडे, दोन्ही आठवड्यात भरले. तिसरा मोठा झाला तर मी काय म्हणेन ते तेव्हा बघू.

घेतलात तर दोन घ्या, एक धुतला की दुसरा. माझा एक आत्ता दोरीवर वाळतोय, दुसऱ्यातले केस कंगव्याने काढतेय आणि झिपरी समोर बसून फरशीवर शेपूट आपटतेय, भप्प भप्प नाही, चांगलं धाड धाड.